जिला नावच नाही, ती भूमिका मी करू का?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारी मैत्रीण ३४ वर्षांची आहे. जिल्ह्याच्या गावी एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि लग्नानंतरही हौशी रंगभूमीवर टिकून आहे. तिच्या संस्थेनं यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक यांच्या 'ऑफ माइस अँड मेन' या कादंबरीवरचं मराठी नाटक घेतलंय. त्यात नऊ पुरुष आणि एक बाई, आणि ती बाई हिच्या वाट्याला आलीय. ती लिहिते : "या बाईला नावसुद्धा नाही. 'कर्लीची बायको' एवढीच ओळख. येता-जाता सगळे तिला चवचाल ठरवतात आणि शेवटी ती मरते. दिग्दर्शक म्हणतात, ती सगळ्यांच्या नाशाचं कारण आहे, तशीच दिसली पाहिजे. तिच्या सिनेमाच्या स्वप्नाचा गोठ्यातला प्रसंग 'लांबतो' म्हणून त्यांनी निम्म्यावर आणलाय. मीही बारावीनंतर नाट्यशास्त्राला जाणार होते. निवड झाली होती, वडिलांनी पाठवलं नाही. वाचनाच्या वेळी मला रडू आवरेना, आणि रागही आला. सासूबाई म्हणतात, 'असली बाई तू करणार?' यजमान म्हणतात, तुझं तू ठरव. तालीम साडेनऊला संपते, मंडळी नाक्यावर चहाला जातात, मी गाडी काढून घरी येते आणि रात्री हेच डोक्यात घोळत राहतं. लेखकानंच जिला माणूस मानलं नाही, तिला मी का उभं करू? आणि मी नाही म्हटलं तर संस्थेत दुसरी बाई नाही."

प्रिय मैत्रिणी,

आधी इतर वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. १९३७ साली आलेली ही छोटेखानी कादंबरी. जागतिक मंदीतला कॅलिफोर्निया, सोलेदादजवळचा एक मोठा मळा. जॉर्ज आणि लेनी हे दोन फिरते मजूर तिथं कामाला येतात. लेनी अंगानं धिप्पाड, बुद्धीनं लहान मूल. मऊ काही दिसलं की त्याला कुरवाळायचं असतं, आणि त्याच्या हाताच्या ताकदीखाली ते मरतं. दोघांचं स्वप्न एकच : स्वतःची थोडी जमीन, त्यावर घर, आणि लेनीसाठी ससे. मालकाचा मुलगा कर्ली तापट आहे. दोनच आठवड्यांपूर्वी त्याचं लग्न झालंय. त्याची तरुण बायको दिवसभर मळ्यात कुणीतरी बोलायला मिळेल म्हणून फिरत असते. एका रविवारी दुपारी ती गोठ्यात लेनीशी बोलत बसते, त्याला आपले केस कुरवाळू देते. तो सोडत नाही, ती ओरडते, तो घाबरतो आणि तिची मान मोडते. मग मजूर बंदुका घेऊन लेनीच्या मागे निघतात. ते पोचायच्या आधी जॉर्ज स्वतःच लेनीला गोळी घालतो.

आता तुमचं पहिलं म्हणणं : लेखकानं तिला माणूस मानलं नाही. हे मी लगेच खोडून काढणार नाही, कारण तुमच्या संशयाला आधार आहे. १९३७च्या अखेरीस एका मुलाखतीत स्टाइनबेक म्हणाले होते की लेनी खरा माणूस होता, त्यांनी बरेच आठवडे त्याच्याबरोबर काम केलं होतं. पण त्या खऱ्या लेनीनं कुठल्याही मुलीला मारलं नव्हतं. आपल्या सोबत्याला कामावरून काढलं म्हणून चिडून त्यानं मुकादमाच्या पोटात गवत उचलायचं दाताळं खुपसलं होतं. म्हणजे प्रत्यक्षात मेला मुकादम आणि कादंबरीत मेली बाई. हा बदल लेखकानं केला. मुकादम मेला असता तर ती मालक आणि मजुरांची गोष्ट झाली असती. बाई मेल्यामुळे ती 'बाईपायी झालं' अशी वाचायची सोय झाली, आणि गेली ऐंशीहून अधिक वर्षं पुष्कळ वाचकांनी ती तशीच वाचली. तुमचे दिग्दर्शक त्यातलेच एक. तेव्हा तुमचा राग अस्थानी नाही. कादंबरीत इतर बायका कोण आहेत तेही बघा : वारलेली एक मावशी, गावात कुंटणखाना चालवणारी एक बाई आणि मागच्या गावात लेनीनं जिचा लाल झगा धरून ठेवला होता ती मुलगी. तिघी फक्त बोलण्यात किंवा लेनीच्या भासात येतात. समोर येऊन बोलणारी ही एकटीच.

तरीही "माणूस मानलं नाही" इथं तुम्ही थांबू नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण पुस्तकातच आहे. ती पहिल्यांदा दारात येते त्याच्या आधीच आपलं मत तयार झालेलं असतं. म्हातारा कँडी जॉर्जला सगळी चुगली आधीच सांगून ठेवतो, की हिची नजर ठीक नाही, ही अमक्याकडे बघते आणि तमक्याकडे बघते. मग ती येते. खोलीत दारातून ऊन आलेलं असतं, ते तिच्यामुळे अडतं, आणि माणसं मान वर करून बघतात. रंगवलेले ओठ, लाल नखं, केसांच्या गुंडाळ्या, अंगात घरातला साधा सुती झगा आणि पायांत लाल सपाता, त्यांवर शहामृगाच्या लाल पिसांचे गुच्छ. ती गेल्यावर जॉर्ज लेनीला बजावतो की हिच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. एवढ्यात तिनं केलेलं काय? नवऱ्याला शोधत आली, चार वाक्यं बोलली, गेली. बाकी सगळं मजुरांच्या खोलीत ठरलं. स्टाइनबेकनं ही कादंबरी जवळजवळ नाटकासारखी लिहिली आहे. कुणाच्या मनात शिरायचं नाही, बाहेरून जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच. आणि त्या खोलीत कान फक्त पुरुषांचे आहेत.

एक प्रयोग करून बघा. संहिता घ्या आणि तिच्याबद्दल इतरांनी बोललेली वाक्यं एका रंगानं खुणा, तिनं स्वतः बोललेली दुसऱ्या रंगानं. पहिल्या दोन प्रवेशांत कुठला रंग जास्त भरतो ते वहीवरच दिसेल. ही वही दिग्दर्शकांपुढे ठेवायला उपयोगी पडेल.

नावाबद्दल एक गोष्ट. मळ्याच्या मालकालाही कादंबरीत नाव नाही, तो नुसता मालक आहे. पण त्याला कुणी 'बिननावाचा' म्हणून कळवळत नाही, कारण हुद्द्यावर त्याचं भागतं. हिला हुद्दा कर्लीचा. १९३९च्या चित्रपटात तिला 'मे' असं नाव दिलं गेलं. त्यानं काही बिघडलं नाही, पण फार काही सुधारलं असंही मला वाटत नाही. दिग्दर्शकांकडे नाव मागायला जाऊ नका. मागायचंच असेल तर दुसरं काहीतरी मागा. त्याकडे येते.

तुम्हाला हे ठाऊक नसेल म्हणून सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना मला पहिली आठवण हिचीच झाली. १९३७च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला या कादंबरीचं नाटक आलं. स्टाइनबेकनीच लिहिलेलं, जॉर्ज कॉफमन यांनी बसवलेलं. त्यात ही भूमिका क्लेअर ल्यूस नावाच्या अभिनेत्रीनं केली, आणि तिलाही हाच घोर लागला होता. प्रयोग चालू होते, परीक्षणं चांगली आली होती, तरी ही बाई नेमकी कोण हे तिच्या हाती लागत नव्हतं. ते स्टाइनबेकच्या कानावर गेलं आणि १९३८ मध्ये त्यांनी तिला सविस्तर पत्र लिहिलं. त्याचा आशय असा : ही मुलगी भांडणांत आणि संशयात वाढली. कुणावर विश्वास टाकायचा नाही हे ती लहानपणीच शिकली. लग्नापर्यंत जपून राहिलीस तरच नवरा मिळेल, हे तिच्या मनावर इतकं ठसवलं गेलं की तेवढीच तिची पुंजी उरली. आजवर एकाही पुरुषानं तिच्याशी माणसासारखं बोलणं केलेलं नाही, त्यामुळे बोलायची दुसरी रीतच तिला माहीत नाही. वरचा कडकपणा हे कवच आहे. ती वाईट चालीची नाही. कुणी तिला माणूस म्हणून वागवलं तर ती त्याच्यासाठी जीव टाकील. आणि तिची ओळख झाली तर तुम्हाला ती आवडू लागेल.

यावर तुम्ही म्हणाल, मग हे सगळं पत्रात कशाला, पुस्तकात का नाही घातलं? बरोबर आहे. मीही तेच म्हणेन. लेखकाचं खासगी पत्र हा पुस्तकाचा बचाव होऊ शकत नाही. वाचकाच्या हाती पुस्तक असतं. पण तुम्ही नुसत्या वाचक नाही, नटी आहात. पुस्तकात जी जागा रिकामी आहे तिथं तुम्ही उभ्या राहणार आहात. एका नटीला हाच घोर लागला म्हणून ते लिहिलं गेलं, आणि तुमच्या उपयोगाचं ते तेवढ्यासाठी आहे.

आता 'नाशाचं कारण'. दिग्दर्शकांशी बोलायची वेळ आली की इथून सुरुवात करा, कारण इथं त्यांना उत्तर देणं जड जाईल. पुरुषांच्या स्वप्नाला हिशेब आहे. जमीन साधारण दहा एकर, मागणी सहाशे डॉलर. कँडीचा हात यंत्रात गेला त्याची भरपाई अडीचशे डॉलर मिळाली होती, पन्नास शिलकीत आहेत, महिन्याअखेर आणखी पन्नास मिळतील, असे साडेतीनशे तो घालायला तयार होतो. त्या क्षणी स्वप्न पहिल्यांदाच खरं वाटू लागतं. मग बाई मरते आणि कँडी तिच्या प्रेतावर उभा राहून तिला शिव्या घालतो, की तूच सगळ्याची माती केलीस. प्रेक्षकाला ते पटतं. पण त्याच्या आधीच काळा तबेलेवाला क्रुक्स सांगून बसलेला असतो, की अशी शेकडो माणसं येताना पाहिली, प्रत्येकाच्या डोक्यात जमिनीचा तुकडा, आणि मिळाला मात्र एकालाही नाही. आणि ती मेल्यावर खुद्द जॉर्ज कबूल करतो, की हे होणार नाही हे मला बहुधा पहिल्यापासून माहीत होतं. तो पैसा कुंटणखान्यात आणि जुगाराच्या टेबलावर जाणार होता हे त्याला कळत असतं. मग नाश तिनं केला कसा? तिनं फक्त तारीख आधी आणली. कँडीच्या शिव्या म्हणजे लेखकाचा निवाडा नव्हे. तो हात गेलेला, म्हातारा, आत्ताच सगळं गमावलेला माणूस आहे आणि समोर जे आहे त्यावर ओरडतोय. त्या नटाला हे कुणी सांगितलंय का, विचारा. कँडी करणाऱ्याला हे समजलं तर तुमचं अर्धं काम तो करील.

पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : "तिचं स्वप्नही तसं उथळच आहे म्हणा." हे तुमचं मत की तालमीतलं ऐकीव? कारण मला ते उसनं वाटलं. शेत हवं ते खोल आणि सिनेमात जायचं ते उथळ, असं कशावरून? पंधरा वर्षांची असताना गावात आलेल्या एका नाटक कंपनीतला नट तिला म्हणाला, चल आमच्याबरोबर. आईनं जाऊ दिलं नाही. पुढे सिनेमातला एक माणूस भेटला, त्याच्याबरोबर ती एका नृत्यगृहात गेली, तो म्हणाला, तुझ्यात उपजत गुण आहेत, हॉलिवूडला पोचलो की पत्र धाडतो. पत्र आलं नाही. तिला वाटतं आईनं चोरलं. आणि आईला तसं विचारलं त्याच रात्री, जिथं स्वप्न संपलं म्हणायचं त्याच नृत्यगृहात, तिला कर्ली भेटला, त्याच्याशी लग्न केलं. पत्र कधी लिहिलंच गेलं नसणार हे तुम्हाआम्हाला कळतं. ती मात्र अजून आईवर रागावलेली आहे, कारण आईनं चोरलं म्हटलं तर निदान ते आलं तरी होतं! या एका ओळीसाठी तरी मी ही भूमिका कुणाला सोडू देणार नाही.

आता त्या सहाशे डॉलरशेजारी हे ठेवा. तिच्याकडे मांडायला आकडे नाहीत. मजुराला महिन्याला पन्नास डॉलर मिळतात, हिच्या हातात काय? चेहरा, आणि अनोळखी पुरुषांनी दिलेले शब्द. आवाका तिच्या स्वप्नाचाही तेवढाच आहे, साधनं तेवढी नाहीत. आता त्या सपाता पायांत घालून बघा, म्हणजे कळेल. धुळीच्या मळ्यात शहामृगाची पिसं कशाला? सिनेमात बोलावणं आलं तर तयार असावं म्हणून. दिग्दर्शकांनी ठरवलेली 'लाल' ही पुरुषांना खुणावणारी असेल, तर तुमची लाल ही कॅमेऱ्यासाठी असू द्या. कपडे तेच राहतील, चाल बदलेल.

इथं तुम्हाला उलट्या बाजूनंही सावध करते. राग आला की आपण पात्राला धुऊन-पुसून स्वच्छ करायला जातो. तिला बिचारी करू नका. शनिवारच्या रात्रीचा क्रुक्सच्या खोलीतला प्रवेश आठवा. धडधाकट पुरुष गावात गेलेत, मागे उरलेत लेनी, कँडी आणि क्रुक्स. ती दारात येते आणि म्हणते, सगळे दुबळे मागे ठेवून गेले. तिची एकटेपणाची तक्रार खरी आहे, पण क्रुक्स तिला हटकतो तेव्हा ती त्याला झाडाला लटकवायची धमकी देते. त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्या बाईनं काळ्या माणसाला दिलेली ती धमकी पोकळ नव्हती, आणि क्रुक्स ते ऐकून भिंतीला टेकून अक्षरशः शून्य होतो. जिला मळ्यात कसलाही अधिकार नाही तिला एकच अधिकार सापडला आणि तिनं तो वापरला. हा प्रसंग कापू नका, मवाळ करू नका. सहानुभूतीपोटी तो प्रसंग पडेल असा केलात तर ती फक्त सोसणारी बाई उरेल, आणि तशा बाया आपल्या रंगभूमीवर भरपूर होऊन गेल्यात.

मागायचं ते गोठ्याच्या प्रसंगात मागा. तो निम्म्यावर आणला असेल तर भांडायची जागा तीच, आणि नाव, कपडे, शिव्या या बाबतीत तुम्ही खुशाल पडतं घ्या. त्या प्रसंगात दोघं बोलतात आणि एकमेकांचं ऐकत नाहीत. ती सिनेमा सांगते, तो ससे सांगतो. ती पत्राचं सांगते, तो मेलेलं कुत्र्याचं पिल्लू गवताखाली लपवत असतो. बाहेर पुरुषांचा घोड्याचे नाल फेकण्याचा खेळ चाललाय, त्याचा खणखणाट आत येतो. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी समोर बसून ऐकतंय असं तिला वाटतं, आणि तो ऐकत नाही. दिग्दर्शकांना ही लांबण वाटत असेल तर त्यांनी घड्याळ लावून बघावं, वेळ नक्की कुठं जातोय. बहुतेकदा तो मजुरांच्या खोलीतल्या पत्त्यांच्या डावात सापडतो.

त्यांनी संहिता कादंबरीवरून बांधली की १९३७च्या नाटकावरून, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मुद्दाम विचारा. कॉफमन यांनी नाटक करताना स्टाइनबेकना सुचवलं होतं की या मुलीला जास्त जागा हवी, आणि नाटकात तिला ती मिळालीही. तिचा दारुडा बाप, त्याच्याबरोबर पळून जायचा फसलेला बेत, आणि गोठ्यात ती येते तीच घर सोडायच्या तयारीनं, बॅग घेऊन. बॅग असेल तर तो प्रसंगच पालटतो. ती लेनीला भुलवायला आलेली नाही, निघालेली आहे. हे कळल्यावर 'नाशाचं कारण' करणं दिग्दर्शकांनाही अवघड जाईल. आणि "तुमच्या आधी कॉफमननी हेच म्हटलं होतं" हे वाक्य त्यांना ऐकवायला हरकत नाही. आपल्याकडे बाईचं म्हणणं मोठ्या माणसाच्या तोंडून गेलं की लवकर पोचतं. आवडत नाही, पण स्पर्धा तोंडावर आहे.

जाता जाता : स्टाइनबेक १९६८ साली गेले आणि आपल्या कायद्यानं लेखकाचे हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. परवानगीचं पत्र कुणी मिळवलंय का ते सचिवांना विचारून ठेवा. ऐन वेळी प्रवेशिका अडकली की दोष कुणावर येतो ते तुम्हाला माहीत आहे. आणि "नाहीतर आपण ही गोष्ट ऊसतोडीच्या तांड्यावर घालू" असं संस्थेत जे चाललंय म्हणता, ते घाईनं करू नका. ऊसतोडीत उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. बाई तिथं ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. पुरुषांच्या तळावर एकटी पडलेली, काम नसलेली बाई तिथं बसणार नाही. या गोष्टीचा कणाच मोडेल.

अंगाला हात लागणाऱ्या प्रसंगांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण हे तुमच्यासारख्या बऱ्याच जणींना उपयोगी पडेल. केस धरणं, तोंड दाबणं, मान झटकणं हे 'करताना होऊन जाईल' असं ठेवायचं नाही. लेनी करणाऱ्या नटाबरोबर बसून मोजून पायऱ्या ठरवा : कुठला हात, कुठं, कुठल्या शब्दावर, कधी सुटणार. पकडीचा जोर तुमच्याकडे राहील असं बसवता येतं. त्याची मूठ नुसती मिटलेली, त्याचं मनगट तुम्ही धरलेलं. थांबायची एक खूण ठरवा आणि ती खूण झाली की कुणीही असलं तरी थांबायचं. या तालमीला तिसरं माणूस हवंच. मग प्रेत. ती मेल्यावर बराच वेळ रंगमंचावर पडून असते आणि पुरुष तिच्या अंगावरून बोलत राहतात. श्वास दिसणार नाही असं कुशीवर पडायचं, चेहरा प्रेक्षकांकडे की उलटा, हे आधी ठरवा. कादंबरीत त्या घडीला लिहिलंय की तिच्या चेहऱ्यावरची सगळी धुसफूस आणि लक्ष वेधायची तगमग निघून गेली होती, चेहरा साधा आणि कोवळा दिसत होता. माझं मत विचाराल तर चेहरा दिसू द्या. आणि कर्ली, तिचा नवरा, आधी बंदूक घ्यायला धावतो, आणि मग तिच्यापाशी थांब असं त्याला सुचवलं जातं तरी थांबत नाही. तो तिच्याकडे वळूनही बघत नाही एवढं दिग्दर्शकांनी ठेवलं तरी पुरे.

आता रडण्याकडे येते. वडिलांनी पाठवलं नाही, ही गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत आहे, आणि बाकी चार पानं या अमेरिकन मुलीची आहेत. दोघींत सारखेपणा आहे, नाही कसा? पण थोडा फरक करा. तिच्या हाती काही आलंच नाही. तुम्ही नोकरी करता, दमून-भागून तालमीला पोचता, दरवर्षी उभ्या राहता. नाट्यशास्त्राचं जे राहिलं त्याचं दुःख करायचं असेल तर ते तुमच्या नावानं करा, तिच्या तोंडून नको. भूमिकेत आपलं रडं मिसळलं की प्रेक्षकांना नटी दिसते, पात्र दिसत नाही, आणि तुम्हालाही घरी जाताना हलकं वाटत नाही. जमलं तर दूरशिक्षणाचे किंवा सुटीतल्या नाट्यशिबिरांचे पर्याय बघा. ३४ हे काही वय नव्हे. बघायचं नसेल तरी हरकत नाही, मी कुणालाही स्वप्न पूर्ण करायची सक्ती करत नाही.

आणि तो नाक्यावरचा चहा. ते वाक्य तुम्ही ओघात लिहिलंत, मला मात्र पत्रात सगळ्यात जास्त तेच टोचलं. दिवसभराची खरी चर्चा तिथं होते. कुठला प्रसंग कापायचा हे चहावर ठरतं आणि दुसऱ्या दिवशी तालमीत तुम्हाला नुसतं कळतं. तुम्हाला कुणी नको म्हटलंय का? तसं पत्रात नाही. कुणी 'चला' म्हटलं नाही, आणि तुम्ही विचारलं नाही. बाई रात्री दहाला टपरीवर उभी राहिली की गावात काय बोलतात हे मला माहीत आहे, मी तुम्हाला उगाच शूर व्हायला सांगत नाही. पण टपरीऐवजी चहा तालमीच्या हॉलमध्ये मागवायला कुणाचं काय जातं? तालीम पंधरा मिनिटं आधी संपवा आणि चहा तिथंच घ्या, असं एकदा सरळ म्हणून बघा. सोबत हवी असेल तर प्रकाशयोजना, वेशभूषा, प्रॉम्पटिंग यांसाठी एक-दोन मुली संस्थेत आणा. "संस्थेत दुसरी बाई नाही" हे तुम्ही नकाराच्या अडचणीसारखं लिहिलंय. ती संस्थेची उणीव आहे आणि ती तुमच्या एकटीच्या खांद्यावर असायचं कारण नाही.

सासूबाईंचा प्रश्न मी फार लांबवणार नाही. त्या 'असली बाई' म्हणतात ते बहुधा दिग्दर्शक सांगतात तेच ऐकून. त्यांना गोष्ट सांगा. नाटकातली नको, त्या न आलेल्या पत्राची आणि आईची. मला वाटतं त्या आईची बाजू घेतील, आणि त्यांचंही काही चूक नसेल. पंधरा वर्षांच्या मुलीला अनोळखी नटाबरोबर कुठली आई धाडेल? ही बाजू तुम्हाला तालमीत कुणी सांगणार नाही, ती घरी सासूबाईंकडून मिळाली तर घ्या. यजमान "तुझं तू ठरव" म्हणतात हे चांगलंच आहे, पण त्यात थोडी सुटकाही आहे. तालमीच्या दिवसांत रात्रीचं जेवण आणि मुलांचा अभ्यास कुणाकडे, हे त्यांनीही ठरवायला हवं.

करू की नको, याचं उत्तर मी देणार नाही असं म्हणणं सोपं आहे, पण तुम्ही सरळ विचारलंय. मला विचाराल तर करा, एका अटीवर : गोठ्याचा प्रसंग पुरा मिळाला पाहिजे. ही अट घालायचा तुम्हाला हक्क आहे, कारण दुसरी बाई नाही ही अडचण त्यांची आहे आणि तुमची ताकद. अट मान्य झाली नाही तर नाही म्हणा आणि अपराधी वाटून घेऊ नका. फक्त उशीर करू नका. या आठवड्यात सांगितलंत तर त्यांना दुसऱ्या संस्थेतून कुणी मिळेल किंवा संहिता बदलता येईल, महिन्याभरानं सांगितलंत तर सगळेच अडचणीत येतील आणि मग बोल तुम्हालाच लागेल.

आणि हे सांगायला दिग्दर्शकांना प्रत्यक्ष भेटा. वही बरोबर न्या. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहू नका. तिथं पहिलं उत्तर एक अंगठा असतो आणि दुसरं कुणाचा तरी विनोद.

तुमची,
ताई